डी.ओ. डॉक्टर आणि न्यूरॉलॉजीचे दार

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)

ऑक्टोबर २०२० मध्ये अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प यांना करोनाची बाधा झाली आणि त्यांना वॉल्टर रीड या लष्करी रुग्णालयात दाखल करण्यात आले. त्यांच्या प्रकृतीची माहिती देण्यासाठी त्यांचे डॉक्टर शॉन कॉन्ली पत्रकारांपुढे आले. त्यांच्या नावापुढे 'एम.डी.' ही अक्षरे नव्हती, 'डी.ओ.' होती. लगेच चर्चा सुरू झाली, की हा गृहस्थ खरा डॉक्टर आहे का? पुढे जो बायडेन अध्यक्ष झाले. त्यांचे डॉक्टर केव्हिन ओ'कॉनर हेही डी.ओ.च होते.

हा प्रश्न विचारणाऱ्यांना हसण्याचे कारण नाही. ब्रिटनमध्ये ऑस्टिओपॅथ म्हणजे सांधे आणि स्नायूंवर हाताने उपचार करणारा माणूस. तो औषधे लिहून देत नाही, शस्त्रक्रिया करत नाही. आपल्याकडे हा शब्द ऐकला की अनेकांना हाडवैद्य आठवतो. अमेरिकेतली गोष्ट मात्र वेगळी आहे. तिथे 'डॉक्टर ऑफ ऑस्टिओपॅथिक मेडिसिन', म्हणजेच डी.ओ., हा पूर्ण परवानाधारक डॉक्टर असतो. शरीररचनेपासून औषधशास्त्रापर्यंत एम.डी.चे विद्यार्थी जे शिकतात तेच हेही शिकतात, आणि वर सुमारे दोनशे तास हाताने करायच्या उपचारांचे प्रशिक्षण घेतात. इथे एक खुलासा करायला हवा. अमेरिकेतली एम.डी. ही आपल्या एमबीबीएससारखी पहिली पदवी आहे, आपल्या एम.डी.सारखी पदव्युत्तर नव्हे.

पण नुसत्या पहिल्या पदवीवर तिथे कोणी मेंदूविकारतज्ज्ञ होत नाही. त्यासाठी एखाद्या रुग्णालयात निवासी डॉक्टर म्हणून चार वर्षे काढावी लागतात. त्यातले एक वर्ष सर्वसाधारण मेडिसिनचे आणि तीन वर्षे न्यूरॉलॉजीची. डी.ओ. झालेल्या मुलाला किंवा मुलीला ही जागा मिळते का? आजचे उत्तर 'बहुतेक वेळा मिळते' असे आहे. हे उत्तर यायला दीडशे वर्षे लागली, आणि त्या इतिहासाची सुरुवात योगायोगाने मेंदूच्याच एका आजारापासून होते.

कर्क्सव्हिलचा हाडवैद्य

अँड्र्यू टेलर स्टिल यांचा जन्म १८२८ सालचा, व्हर्जिनिया राज्यातला. वडील मेथडिस्ट धर्मोपदेशक होते आणि वैद्यकीही करत. मुलगा त्यांच्याच हाताखाली शिकला. त्या काळी अमेरिकेच्या सरहद्दीवर डॉक्टर होण्याची हीच रीत होती. स्टिल कॅन्ससमध्ये राहिले, गुलामगिरीच्या विरोधात उभे राहिले, यादवी युद्धात उत्तरेच्या बाजूने लढले. १८६४ मध्ये त्यांच्या घरात मेंदूज्वर शिरला. मेंदू आणि मज्जारज्जूच्या आवरणांचा दाह होणारा हा रोग. काही दिवसांत घरातली तीन मुले गेली, दोन पोटची आणि एक दत्तक. डॉक्टर आले होते, त्यांनी शर्थ केली होती. पण त्यांच्या पिशवीत होते काय? पाऱ्याची औषधे, अफू, दारू आणि रक्त काढण्याची साधने.

या दुःखातून स्टिल यांनी एक निष्कर्ष काढला, की ही औषधे निरुपयोगी आहेत. हा निष्कर्ष त्या काळापुरता फारसा चुकीचा नव्हता. त्यापुढचा निष्कर्ष मात्र वादाचा ठरला. शरीराची रचना नीट बसलेली असली, रक्त आणि मज्जातंतूंचा मार्ग मोकळा असला, की शरीर स्वतःला बरे करते, असे ते म्हणू लागले. १८७४ हे वर्ष ते या विचाराचा आरंभ मानत. गावोगाव फिरून ते लोकांचे सांधे आणि पाठी बसवून देत. 'विजेच्या वेगाने हाडे बसवणारा' अशी स्वतःची जाहिरात करायलाही त्यांना संकोच वाटला नाही. अखेर मिसुरी राज्यातल्या कर्क्सव्हिल या लहानशा गावात ते स्थिरावले आणि १८९२ मध्ये तिथे त्यांनी 'अमेरिकन स्कूल ऑफ ऑस्टिओपॅथी' काढली. पहिल्या वर्गात वीसेक विद्यार्थी होते आणि त्यांत स्त्रियाही होत्या. शरीररचना शिकवायला एडिंबरोत शिकलेले डॉ. विल्यम स्मिथ होते. कायद्याने या शाळेला एम.डी. पदवी देता आली असती. स्टिल यांनी ती नाकारली आणि स्वतःची वेगळी पदवी ठेवली. पुढची शंभर वर्षे त्यांच्या वारसांनी या अभिमानाची किंमत मोजली.

मार्क ट्वेन आणि फ्लेक्सनर बंधू

या नव्या पंथाला एक मोठा वकील मिळाला, लेखक मार्क ट्वेन. त्यांच्याही घरात मेंदूच्या आजारांनी ठाण मांडले होते. थोरली मुलगी सूझी १८९६ मध्ये मेंदूज्वराने गेली. धाकटी जीन हिला त्याच सुमारास फेफऱ्याचे झटके येऊ लागले. अपस्मारावर तेव्हा ब्रोमाइडशिवाय फारसे काही नव्हते, आणि ब्रोमाइडने माणूस गुंगीत राही. ट्वेन जीनला घेऊन युरोपात अंगमर्दनाचे उपचार करणाऱ्यांकडे गेले आणि परतल्यावर ऑस्टिओपॅथकडे वळले. फेब्रुवारी १९०१ मध्ये न्यूयॉर्क राज्याच्या विधिमंडळापुढे ते ऑस्टिओपॅथांच्या बाजूने बोलायला उभे राहिले. माझे शरीर माझे आहे, ते कोणाच्या हाती सोपवायचे हे मी ठरवणार, असा त्यांचा मुद्दा होता. भाषण नेहमीप्रमाणे विनोदी झाले. पण त्यामागे एका हतबल बापाची धडपड होती. १९०९ च्या डिसेंबरात, नाताळच्या आदल्या दिवशी, जीनला न्हाणीघरात झटका आला आणि ती गेली. हाताच्या उपचारांनी अपस्मार बरा झाला नव्हता.

याच काळात न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत सायमन फ्लेक्सनर नावाचे संशोधक मेंदूज्वराच्या मागे लागले होते. घोड्याच्या रक्तापासून तयार केलेले सीरम त्यांनी १९०७ च्या सुमारास रुग्णांना पाठीच्या कण्यातून टोचायला सुरुवात केली आणि मृत्यूचे प्रमाण निम्म्याच्याही खाली आणले. स्टिल यांची मुले ज्या प्रकारच्या साथीत गेली, तिच्यावरचा पहिला खरा उपाय प्रयोगशाळेतून आला. १९१० मध्ये या सायमन यांचे बंधू अब्राहम फ्लेक्सनर यांनी अमेरिकेतल्या वैद्यकीय शाळांवरचा आपला गाजलेला अहवाल प्रसिद्ध केला. त्यात ऑस्टिओपॅथीच्या आठही शाळांवर कोरडे ओढले होते. प्रयोगशाळा नाहीत, रुग्णालये नाहीत, शिकवणारे पुरेसे नाहीत, फी मात्र भरपूर.

फ्लेक्सनर यांची टीका बऱ्याच अंशी रास्त होती आणि एम.डी.च्या कित्येक शाळांवरही ती तितकीच कडक होती. त्यातल्या अनेक शाळा बंद पडल्या. ऑस्टिओपॅथीच्या काही बंद पडल्या, उरलेल्या सुधारल्या. १९३० च्या सुमारास तर स्टिल यांनी दूर ठेवलेले औषधशास्त्रही त्यांच्या अभ्यासक्रमात आले. अभ्यासक्रम जवळ येत गेले, दारे मात्र उघडली नाहीत.

पासष्ट डॉलरची पदवी

अमेरिकन मेडिकल असोसिएशन या एम.डी. डॉक्टरांच्या संघटनेने ऑस्टिओपॅथीला 'पंथ' ठरवले होते. तिच्या सभासदाने डी.ओ.बरोबर व्यावसायिक संबंध ठेवणे हा नीतिनियमांचा भंग मानला जाई. म्हणजे रुग्णालयात जागा नाही, आणि जागा नाही म्हणजे वरचे शिक्षण नाही. डी.ओ. मंडळींनी मग स्वतःची रुग्णालये बांधली. डेट्रॉइट, फिलाडेल्फिया, कॅन्सस सिटी अशा शहरांत ती उभी राहिली. पण ती लहान होती. तिथे बाळंतपणे, हर्निया, मोडलेली हाडे यांचे उत्तम शिक्षण मिळे. न्यूरॉलॉजीला लागणारे मोठे रुग्णालय, दुर्मीळ रुग्ण, मेंदूचे तुकडे तपासणारी विकृतिशास्त्राची प्रयोगशाळा, हे सारे विद्यापीठांकडे होते, आणि विद्यापीठे एम.डी.ची होती. डी.ओ. हा मुख्यतः कुटुंबाचा डॉक्टर झाला तो काही आवडीने आणि काही नाइलाजाने.

दुसऱ्या महायुद्धात सैन्याने डी.ओ. डॉक्टरांना वैद्यकीय अधिकारी म्हणून घेतले नाही. एम.डी. आघाडीवर गेले, मागे राहिलेल्या गावांना डी.ओ.नी सांभाळले, आणि युद्ध संपल्यावरही लोकांनी त्यांना सोडले नाही. अपमानातून झालेला हा फायदा होता.

यानंतरचा प्रसंग कॅलिफोर्नियातला. १९६१ मध्ये तिथल्या दोन्ही संघटनांनी विलीनीकरणाचा करार केला. लॉस एंजेलिसचे ऑस्टिओपॅथिक कॉलेज एम.डी.चे कॉलेज झाले. राज्यातल्या दोन हजारांहून अधिक डी.ओ. डॉक्टरांनी एका छोट्या व्याख्यानमालेला हजेरी लावली, पासष्ट डॉलर भरले आणि १९६२ मध्ये ते एम.डी. झाले. नव्या डी.ओ.ना परवाने देणे राज्याने बंद केले. ऑस्टिओपॅथी आता संपली असे अनेकांना वाटले. झाले उलटेच. इतर राज्यांतले डी.ओ. विचारू लागले, की काल जो 'पंथवाला' होता तो पासष्ट डॉलरमध्ये आज शास्त्रीय डॉक्टर होत असेल, तर कालही त्याच्या ज्ञानात काही कमी नव्हते, असेच ना? या प्रश्नाला पटेल असे उत्तर नव्हते. १९७४ मध्ये कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने ती बंदी उठवली.

मधल्या काळात बाकीची दारेही किलकिली झाली होती. १९६६ मध्ये संरक्षणमंत्री रॉबर्ट मॅक्नमारा यांनी सैन्याला डी.ओ. डॉक्टर घ्यायला सांगितले. तीस वर्षांनी, १९९६ मध्ये, रोनाल्ड ब्लँक हे डी.ओ. अमेरिकन लष्कराचे सर्जन जनरल झाले. १९६९ मध्ये मेडिकल असोसिएशनने डी.ओ.ना सभासद करून घेण्याची आणि आपल्या मान्यतेच्या रुग्णालयांत प्रशिक्षण देण्याची वाट मोकळी केली. त्याच सुमारास मिशिगनमध्ये सरकारी मदतीवर चालणारे पहिले ऑस्टिओपॅथिक कॉलेज निघाले आणि मिशिगन स्टेट विद्यापीठाचा भाग झाले. एक दार उघडले होते. त्या दाराच्या आत जागा वाटून देणारी व्यवस्था मात्र वेगळीच होती.

यंत्राची जुळणी, माणसांच्या याद्या

या व्यवस्थेचे नाव 'मॅच', म्हणजे जुळणी. तिची गरज का पडली? १९४० च्या दशकात अमेरिकेत जागा जास्त आणि पदवीधर कमी होते. रुग्णालये विद्यार्थ्यांना आधीच गाठू लागली. हो की नाही ते सांगण्यासाठी १९४५ मध्ये दहा दिवस मिळत. चार-पाच वर्षांत ती मुदत काही तासांवर आली. या ओढाताणीला कंटाळून १९५२ मध्ये देशव्यापी जुळणी सुरू झाली. पहिल्या वर्षी १०,४०० जागा होत्या आणि पदवीधर सुमारे ६,०००. विद्यार्थी आपल्या पसंतीच्या रुग्णालयांची क्रमवार यादी देतो, रुग्णालय आपल्या पसंतीच्या विद्यार्थ्यांची देते, आणि ठरलेल्या गणिताने दोन्ही याद्या जुळवल्या जातात. लागलेला निकाल दोघांनाही बंधनकारक. अर्थशास्त्रज्ञ अल्विन रॉथ यांनी १९९० च्या दशकात हे गणित विद्यार्थ्यांच्या बाजूने सुधारले. २०१२ मध्ये त्यांना लॉइड शॅपली यांच्याबरोबर अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. मार्च महिन्यातल्या तिसऱ्या शुक्रवारी हजारो मुलांना कळते, की पुढची तीन ते सात वर्षे ती कोणत्या शहरात काढणार.

हे गणित निःपक्षपाती आहे. पदवी एम.डी. आहे की डी.ओ., हे ते पाहत नाही. पण ते फक्त याद्यांवर चालते. यादीत नाव यायला आधी मुलाखतीचे बोलावणे यावे लागते, आणि अर्जांच्या ढिगाऱ्यातून बोलावणी काढताना एखाद्या विभागाने डी.ओ.चे अर्ज बाजूला ठेवले, तर पुढे नोबेल मिळालेले गणितही काही करू शकत नाही. भेदभाव असला तर तो यंत्राच्या आधीच होऊन गेलेला असतो.

डी.ओ. विद्यार्थ्यांपुढे आणखी एक पेच होता. त्यांच्या संघटनेची स्वतःची वेगळी जुळणी असे, आणि ती फेब्रुवारीत होई. तिथे जागा लागली की मार्चच्या मोठ्या जुळणीतून नाव आपोआप वगळले जाई. न्यूरॉलॉजीच्या ऑस्टिओपॅथिक जागा देशभरात मोजक्याच. मग करायचे काय? फेब्रुवारीत हाती येईल ते पत्करायचे, की ते सोडून मार्चमध्ये विद्यापीठाच्या जागेवर डाव लावायचा? शिवाय मिशिगन, पेनसिल्व्हेनिया, फ्लोरिडा अशा काही राज्यांत व्यवसाय करायचा तर पहिले वर्ष ऑस्टिओपॅथिक मान्यतेच्या इंटर्नशिपमध्येच काढावे लागे. जो विद्यार्थी थेट विद्यापीठाच्या न्यूरॉलॉजीत गेला, त्याला पुढे आपल्याच गावी दवाखाना काढताना अडचण येई. अडवणूक करणारे सगळेच बाहेरचे होते असे नाही. आपली वेगळी ओळख टिकवण्यासाठी घरच्यांनी घातलेले कुंपणही मुलांनाच नडत होते.

तरीही ओघ वळला. १९८० आणि ९० च्या दशकांत वैद्यकाचे अर्थकारण बदलले, लहान ऑस्टिओपॅथिक रुग्णालये बंद पडली किंवा मोठ्या साखळ्यांत विलीन झाली. कॉलेजे मात्र वाढत गेली. नव्या शतकाच्या पहिल्या दशकात निम्म्याहून अधिक डी.ओ. एम.डी.च्या व्यवस्थेतच पुढचे शिक्षण घेत होते. २०११ मध्ये एम.डी.च्या प्रशिक्षणाला मान्यता देणाऱ्या मंडळाने प्रस्ताव मांडला, की पुढच्या उपशाखांत फक्त आपल्या मान्यतेच्या जागांवर शिकलेल्यांनाच घ्यावे. हा प्रस्ताव लागू झाला असता तर ऑस्टिओपॅथिक जागेवर न्यूरॉलॉजी शिकलेल्याला पक्षाघात किंवा अपस्मार यांतले विशेष प्रशिक्षण मिळाले नसते. वाटाघाटी झाल्या. २०१४ मध्ये करार झाला आणि २०१५ ते २०२० या पाच वर्षांत दोन्ही मान्यता एक झाल्या. ऑस्टिओपॅथांची वेगळी जुळणी २०१९ मध्ये शेवटची झाली. २०२० पासून सगळे एकाच रांगेत आले.

न्यूरॉलॉजीच का?

या काळात न्यूरॉलॉजीही बदलली. एकेकाळी मेंदूविकारतज्ज्ञ रोग कुठे आहे ते अचूक सांगायचा, पण करायला त्याच्या हाती थोडेच असायचे. मग १९६० च्या दशकाअखेर पार्किन्सनसाठी लेव्होडोपा आले, १९९३ मध्ये मल्टिपल स्क्लेरोसिससाठी इंटरफेरॉन, १९९६ मध्ये पक्षाघातात गुठळी विरघळवणारे इंजेक्शन, आणि २०१५ मध्ये गुठळी नळीने बाहेर काढण्याचा उपाय मोठ्या चाचण्यांत सिद्ध झाला. वृद्धांची संख्या वाढली तसे मेंदूचे रुग्ण वाढले, जागाही वाढल्या. अमेरिकन विद्यार्थ्यांचा ओढा मात्र त्वचारोग, अस्थिशल्य अशा शाखांकडे जास्त. त्यामुळे न्यूरॉलॉजीच्या बऱ्याच जागांवर परदेशात शिकलेले डॉक्टर येत, आजही येतात. भारतातले त्यांत पुष्कळ. गरज असली की दार लवकर उघडते, हे इथेही दिसले.

आता आकडे पाहू. २०१९ च्या मार्चमधल्या जुळणीत शेवटच्या वर्षाच्या डी.ओ. विद्यार्थ्यांपैकी ८४.६ टक्क्यांना जागा मिळाली होती. एकत्र जुळणीच्या पहिल्या वर्षी, २०२० मध्ये, ९०.७ टक्क्यांना मिळाली. २०२५ मध्ये हे प्रमाण ९२.६ टक्के होते आणि एम.डी.चे ९३.५ टक्के. फरक एका टक्क्याच्याही आत आला. हे सर्व शाखांचे मिळून आकडे आहेत, पण न्यूरॉलॉजी ही डी.ओ.ना मोकळेपणाने घेणाऱ्या शाखांपैकी एक आहे. शेजारच्या न्यूरोसर्जरीत मात्र दर वर्षी मूठभरच डी.ओ. पोचतात.

सरासरीत न दिसणाऱ्या गोष्टी आणखी आहेत. अनेक ऑस्टिओपॅथिक कॉलेजांना स्वतःचे मोठे रुग्णालय नाही. विद्यार्थी तिसऱ्या-चौथ्या वर्षी जिल्ह्याजिल्ह्यांतल्या रुग्णालयांत विखुरतात. तिथे न्यूरॉलॉजीचा विभाग नसला तर शिफारसपत्र देणारा प्राध्यापकही नसतो. मग स्वतःच्या खर्चाने दुसऱ्या शहरात महिनाभर राहून तिथल्या विभागाला आपले काम दाखवावे लागते. परीक्षेचेही तसेच. डी.ओ.ची स्वतःची परवाना परीक्षा कायद्याने पूर्ण मान्य आहे. तरी एम.डी.च्या परीक्षेतले गुण मागणारे विभाग आहेत, म्हणून कित्येक मुले दोन्ही परीक्षा देतात, दोन्हींची फी भरतात. २०२२ पासून एम.डी.च्या पहिल्या परीक्षेत गुण न देता फक्त उत्तीर्ण-अनुत्तीर्ण सांगतात. ताण कमी व्हावा म्हणून केलेला हा बदल, पण लहान कॉलेजच्या हुशार मुलाला आपली योग्यता आकड्यात दाखवायची एक संधी त्याने काढून घेतली. आता सगळा भार दुसऱ्या परीक्षेवर पडला आहे.

आणि स्टिल यांच्या विचाराचे काय झाले? हाताच्या उपचारांचा कंबरदुखीत काही उपयोग होतो, याला थोडाफार पुरावा आहे. मेंदूच्या रोगांवर ते उपाय नव्हेत, हे डी.ओ. न्यूरॉलॉजिस्टही सांगतील. बहुतेक डी.ओ. व्यवसायात ते फार क्वचित वापरतात. पदवी बरोबरीची झाली ती मूळ सिद्धांत खरा ठरला म्हणून नव्हे. त्याच्या वारसांनी प्रयोगशाळा आणि रुग्णालयाचे शिक्षण आपलेसे केले, आणि समोरच्यांनी, पन्नास वर्षे उशिरा का होईना, ते मान्य केले म्हणून झाली.

अमेरिकेत स्थायिक झालेल्या आपल्या अनेक मराठी कुटुंबांत आज मुलगा किंवा मुलगी डी.ओ. कॉलेजात जाण्याचा विचार करते, आणि इकडून आजी-आजोबा फोनवर विचारतात, 'हे खरे डॉक्टर ना?' त्या प्रश्नाचे उत्तर केव्हाच मिळाले आहे. मुलांनी विचारायचे प्रश्न वेगळे आहेत. शेवटची दोन वर्षे कोणत्या रुग्णालयात जाणार? तिथे न्यूरॉलॉजीचा विभाग आहे का? त्या कॉलेजची गेल्या काही वर्षांतली मुले कुठे लागली? आणि आपल्या मुंबई-नागपूरहून एमबीबीएस करून त्याच जागेसाठी अर्ज करणाऱ्याने आणखी एक आकडा ध्यानात ठेवावा. २०२५ मध्ये परदेशी नागरिक असलेल्या आणि अमेरिकेबाहेर शिकलेल्या डॉक्टरांपैकी ५८ टक्क्यांना जागा मिळाली. डी.ओ. ज्या दारातून आत गेले, त्या दारासमोर अजून एक रांग उभी आहे.

कर्क्सव्हिलचे ते कॉलेज आजही चालू आहे आणि स्टिल यांचेच नाव धारण करून आहे. आज मेंदूज्वराचा रुग्ण आला, तर तिथून शिकून गेलेला डॉक्टर पाठीतून पाणी काढून तपासायला पाठवतो आणि अहवालाची वाट न पाहता प्रतिजैविक सुरू करतो. एम.डी. डॉक्टरही नेमके हेच करतो.